तुमचं नाव यंत्राला कसं दिसतं

नमस्कार श्रोतेहो.

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत माणसाची ओळख पूर्वी माणसंच देत. अमक्याचा नातू, तमक्या गल्लीतला, एवढं सांगितलं की भागायचं. आता ओळख यंत्र पटवतं, आणि यंत्र अक्षराला अक्षर लावून बघतं. आपल्या भागात तर एकच नाव तीन लिप्यांतून फिरतं. घरात आणि मराठी शाळेत देवनागरी, आधारवर इंग्रजी आणि कन्नड, जमिनीच्या उताऱ्यावर नुसती कन्नड. या फेऱ्यात नाव नेमकं कुठं बिघडतं, ते आज पाहू.

आधार केंद्रात ऑपरेटर नाव इंग्रजीत टाइप करतो आणि खालची कन्नड ओळ संगणक आपोआप तयार करतो. समजा आडनाव आहे काळे. इंग्रजीत झालं के, ए, एल, ई. त्यातला ए म्हणजे ‘क’ की ‘का’, एल म्हणजे ‘ल’ की ‘ळ’, हे संगणकाला कळायला मार्गच नाही. मग कन्नडमध्ये काले उमटतं, नाहीतर कले. कन्नडला ळ आहे, आपल्यासारखाच. तो हरवतो मधल्या इंग्रजीत.

उलट्या वाटेनंही असंच होतं. गणेश म्हणताना आपण शेवटचा ‘श’ अर्धवट तोडतो, कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारतात. म्हणून कन्नड कागदावरून इंग्रजी केलं की शेवटी एक ए चिकटतो. ज्ञानेश्वर आपण डी, एन, वायनं सुरू करतो, कन्नड वळणानं तो जे, एननं सुरू होतो. बापाचं नाव स्वतःच्या आधारवर डीनं आणि मुलाच्या कागदांवर जेनं असेल, तर वारसा नोंदीच्या वेळी दोघांचं नातं कागदावर जुळवत बसावं लागतं. गावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आलं, त्याआधीच्या दाखल्यांवर बेळगाव आहे. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, जुळवणाऱ्या यंत्राला नाही.

सगळ्यात जास्त अडतात बायका. शाळेचं मार्क्स कार्ड माहेरच्या नावाचं, रेशन कार्ड सासरच्या. आधारवर नाव बदलायची मुभा आयुष्यात फक्त 2 वेळा. एक संधी लग्नानंतर खर्च झाली, त्यात स्पेलिंग चुकलं, दुसरी ते दुरुस्त करण्यात गेली, की पुढं आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडं वेगळी विनंती करत बसायचं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये कुटुंबप्रमुख बाईच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. तिथं नावातला एक फरकसुद्धा भारी पडू शकतो. लग्न झाल्यावर नाव बदलायचंच, असा कायदा नाही. मुलीनं माहेरचं नाव ठेवलं तर तिची निम्मी कागदपत्रं आपोआप जुळलेली राहतात. घरच्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता दुरुस्तीचा क्रम. पाया धरा दहावीच्या मार्क्स कार्डाचा, कारण बोर्डातली नोंद बदलणं फार अवघड. त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, खाली तेच नाव कन्नडमध्ये, जाणकाराकडून तपासून घेतलेलं. हा कागद घेऊन आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग रेशन कार्ड. उतारा शेवटी, कारण तिथं तहसीलदार कार्यालयात अर्ज आणि बहुतेक वेळा नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागतं. बँक आधी आणि आधार नंतर केलं, तर बँकेत पुन्हा चक्कर ठरलेली. आधार केंद्रात तुमच्याकडं तोंड केलेला दुसरा पडदा असतो. त्यावर दोन्ही ओळी वाचल्याशिवाय होकार देऊ नका. कन्नड ओळ वाचता येत नाही म्हणून माणसं नुसती मान हलवतात, आणि चूक तिथंच पक्की होते. स्वतःचं नाव कन्नडमध्ये ओळखायला चार-पाच अक्षरं शिकावी लागतात. त्यानं मराठीपण कमी होत नाही, उलट ते नीट राखलं जातं.

नाव असं वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी टाइप केलं की माणूस हळूहळू स्वतःलाच तसं हाक मारू लागतो. कॉलेजातली पोरं ओळख करून देताना कार्डावरचंच सांगतात. वडिलांचं पूर्ण नाव गळतं, उरतं एक इनिशियल. याची मला खरी काळजी वाटते. मराठीत मधलं नाव माणसाला त्याच्या घराशी बांधून ठेवतं. फॉर्मवर मधल्या नावाची चौकट असेल तर ती पूर्ण भरा.

मोबाईलचंही थोडं पाहा. देवनागरी दिसते म्हणून अनेकांनी हिंदी कीबोर्ड ठेवलेला असतो. तो शब्द सुचवतो हिंदीतून, आणि घाईत आपण तेच दाबतो. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषांची यादी असते, तिथं मराठी जोडा आणि हिंदीची रोज गरज नसेल तर ती काढा. तुम्ही जे शब्द लिहाल ते कीबोर्ड लक्षात ठेवतो. आठवडाभर नेटानं मराठीत लिहिलंत, तर गावाची आणि नात्यातली नावंही तो बरोबर सुचवू लागतो.

घरात बाळ येणार असेल तर हे सगळं टाळता येतं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची. नाव ठरलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते. पुढं 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढं जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हा बारशाच्या आधी आत्या, मामा, आजोबा सगळ्यांनी बसून नावाबरोबर त्याचं इंग्रजी आणि कन्नड स्पेलिंगही ठरवा, वडिलांचं नाव त्यांच्या आधारवर आहे तसंच लिहा, आणि दाखला हातात पडला की खिडकीपाशीच उभं राहून दोन्ही ओळी वाचून घ्या.