धक्का बसला, आता आकडा कुठून येतो?

नमस्कार मंडळी. 21 मार्च 2024 ची सकाळ हिंगोली-नांदेडकडच्या लोकांना आठवत असेल. सहा वाजून गेले होते, जमीन हलली, लोक घराबाहेर आले आणि बाहेर येऊन पहिलं काय केलं तर मोबाईल बघितला. थोड्याच वेळात भूकंपाच्या तीव्रतेचा आकडा आला, 4.5, केंद्र हिंगोली जिल्ह्यात, आणि दहा-बारा मिनिटांत परत एक धक्का, तो 3.6 चा.

हा आकडा येतो दिल्लीहून, नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजी या भूकंपांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी केंद्राकडून. तिथे चोवीस तास ड्युटीवर माणसं असतात आणि देशभरातल्या दीडशेहून जास्त स्टेशनांचा डेटा त्यांच्या स्क्रीनवर येत असतो. स्टेशन म्हणजे काही मोठा कारभार नाही हो, शक्यतो पक्क्या खडकावर, रस्ता-रेल्वेपासून लांब एक छोटी खोली, आत सिस्मोमीटर, म्हणजे जमिनीची थरथर मोजणारं मशीन. आता हे मशीन इतकं हळवं की पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्याजवळच्या स्टेशनला त्याचीही थरथर लागते!

मग जागा कशी कळते? भूकंपाच्या दोन लाटा निघतात, पहिली फास्ट, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर, दुसरी तिच्यामागून सावकाश येते पण हलवते जास्त. वीज चमकली की आपण गडगडाटापर्यंत सेकंद मोजतो ना, तसंच, दोन लाटांमधल्या दर सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर अंतर धरायचं. एका स्टेशनवरून नुसतं अंतर कळतं, दिशा नीट कळत नाही, म्हणून किमान तीन स्टेशनं लागतात, आणि जवळचं स्टेशन जितकं जवळ तितकी जागा आणि खोली नेमकी. खोलीचं तर फार अवघड असतं, बातमीत सारखं "खोली 10 किलोमीटर" दिसतं बघा, पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच की डेटा पुरेसा नव्हता म्हणून 10 धरून चाललेत. आणि आधी एक आकडा, मग दुसरा, अमेरिकन साईटवर तिसराच, हे बघून लोक चिडतात, पण पहिला हिशोब थोड्या स्टेशनांचा असतो, बाकीचा डेटा आला की बदलणारच.

आपल्याकडे स्टेशनं बहुतेक वेळा धक्का खाल्ल्यावर वाढलीत. 1897 ला शिलाँगचा मोठा भूकंप झाला, 1898 ला कलकत्त्यात अलीपूरला भूकंप नोंदवणारी पहिली वेधशाळा. कोयनेला धरण भरायला लागल्यावर हादरे सुरू झाले म्हणून यंत्रं बसवली, त्यामुळे 11 डिसेंबर 1967 च्या मोठ्या भूकंपाआधीची नोंद तरी हातात होती. किल्लारीचं तसं नाही. तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये, 1992 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे धक्के जाणवलेले, लोक घाबरलेले, आणि 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जन उरकून गाव झोपलं होतं, पहाटे चार वाजायच्या आत होत्याचं नव्हतं झालं. हजारो माणसं गेली. त्यानंतर मात्र देशातलं नेटवर्क सुधारायला जोरात पैसा आला, डिजिटल मशीनं आली. माझं मत विचाराल तर बारीक धक्क्यांची नोंद हीच या नेटवर्कची खरी कमाई आहे, मोठा भूकंप काय, मशीन नसलं तरी कळतोच. पालघरला 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत सारखे हादरे सुरू झाले तेव्हा तिथे जवळच जादा यंत्रं नेऊन लावली, कारण दूरच्या स्टेशनवरून एवढे लहान धक्के नीट पकडता येत नाहीत.

आता व्हॉट्सॲपवाल्यांसाठी. "आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप, सरकारी इशारा" असा मेसेज आला की सरळ डिलीट करा, तारीख-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत जगात कुठलंच नेटवर्क करत नाही. त्यापेक्षा दिल्लीच्या त्या सेंटरचं भूकंप (BhooKamp) नावाचं ॲप आहे, त्यात झालेल्या भूकंपाची वेळ, जागा, खोली दिसते.