सिमेंटच्या कोर्टावर सिग्नेचर बूट

नमस्कार. हा बूट कॅमेऱ्याजवळ धरतो, म्हणजे तळव्यावरची नागमोडी नक्षी नीट दिसेल. अंगठ्याच्या उंचवट्याखाली ती पार पुसली गेली आहे. सोलापुरातल्या सिमेंटच्या कोर्टावर दोन महिने बास्केटबॉल खेळल्याचा हा परिणाम आहे, आणि चूक बुटाची नसून, त्यावरचे नाव पाहून आणि तळवा न पाहता तो घेणाऱ्या माझी आहे.

सिग्नेचर बूट, म्हणजे नामवंत खेळाडूच्या नावाने निघणारा बूट, हा मुळात त्या एका खेळाडूच्या गरजेसाठी घडवलेला असतो. अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबे ब्रायंटचे बालपण इटलीत फुटबॉल पाहत गेले; फुटबॉलपटू घोटा मोकळा ठेवून इतक्या झपाट्याने वळतात, तर बास्केटबॉलमध्येच उंच बूट कशाला, या त्याच्या आग्रहातून डिझायनर एरिक अॅव्हार यांनी नायकीसाठी झूम कोबे 4 हा घोट्याखालीच संपणारा बूट तयार केला. तो 2008-09 च्या हंगामात आला. घोट्याभोवतीची पट्टी गेली म्हणून आधार गेला, असे मात्र नाही. टाचेला घट्ट धरणारी कडक वाटी आणि बाहेरच्या कडेला जरासा पसरलेला तळवा पाय मुरगळू नये म्हणून बरेच काम करतात.

पुढे 2014 च्या कोबे 9 एलिटमध्ये वरचा भाग विणलेला आला. चादरीच्या गावात हा फरक चटकन कळेल: आपली चादर उभ्या-आडव्या धाग्यांची असते, तर हे कापड मोज्यासारखे टाक्यांचे असते, म्हणून ते पायाबरोबर ताणते.

आता तळव्याकडे येऊ, कारण आपला पैसा तिथेच झिजतो. दुसरा अमेरिकी बास्केटबॉलपटू स्टेफन करी याच्या 2020 च्या करी फ्लो 8 या बुटामध्ये खालचे रबर काढूनच टाकले आणि फोम थेट जमिनीला भिडवला. त्यामुळे वजन घटले. स्वच्छ लाकडी कोर्टावर असा फोम उत्तम पकड देतो. सिमेंट मात्र कानशीसारखे घासते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, त्यावर धुळीचा थर असतोच. उथळ खाचांत ती धूळ बसली की वळताना पाय सटकतो.

म्हणून दुकानात आधी बूट उलटा करावा. खाचा खोल आणि रुंद आहेत का, हे पाहावे आणि रबरावर नख दाबावे. नख सहज रुतत असेल, तर तो बूट बंदिस्त कोर्टासाठी ठेवावा. मी आता पिशवीत ओला फडका ठेवतो आणि दर डावाआधी तळवे पुसतो.