भेदभावाला कायदा केव्हा सूट देतो?

नमस्कार. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांबाहेर ‘हेल्पर पाहिजेत, फक्त पुरुष’ अशी पाटी दिसली, तर आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. कारण विचारले तर रात्रपाळी आहे, माल जड आहे, उद्या काही झाले तर जबाबदार कोण, असे सांगितले जाते. हे कारण कायद्यापुढे कितपत टिकते, ते पाहू.

एकाच स्वरूपाच्या कामाच्या भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये, हा नियम पूर्वी 1976 च्या समान वेतन कायद्यात होता, आता तो 2019 च्या वेतन संहितेत आहे, आणि तो खाजगी मालकालाही बांधून ठेवतो. त्या कामावर स्त्रियांना ठेवण्यास एखाद्या कायद्यानेच मनाई किंवा मर्यादा घातली असेल, तेवढीच सूट त्यात आहे. मालकाला वाटणारी काळजी कितीही प्रामाणिक असली, तरी ती या सुटीत बसत नाही.

पण मनाई कायद्यातच लिहिलेली असेल, तर ती तपासायची कशी? दिल्लीत लागू असलेल्या 1914 च्या पंजाब अबकारी कायद्याच्या कलम 30 नुसार, जिथे लोक मद्य पितात अशा ठिकाणी स्त्रियांना आणि 25 वर्षांखालील पुरुषांना कामावर ठेवता येत नव्हते. अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये ही बंदी अवैध ठरवली. स्त्रियांची सुरक्षितता हे उद्दिष्ट न्यायालयाने नाकारले नाही. मात्र सुरक्षितता पुरवणे हे सरकारचे काम असताना त्यासाठी स्त्रीचा रोजगारच काढून घेणे त्याला मान्य झाले नाही. आपल्या नाशिकच्या वायनरींत टेस्टिंगच्या काउंटरमागे उभ्या राहून वाईनची माहिती देणाऱ्या तरुणी पाहिल्या की त्या बंदीचा अर्थ नीट कळतो. (तो कायदा महाराष्ट्रात नव्हता, हे खरे, पण ‘तुमच्याच भल्यासाठी’ हा युक्तिवाद इथेही रोज ऐकू येतो, आणि माझ्या मते सर्वांत कसून तपासावा तो हाच.)

आरक्षणाला अनेक जण अपवाद म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने मात्र ते समानतेचेच अंग मानले. काळाराम मंदिराच्या दाराशी 1930 मध्ये ज्या अस्पृश्यतेविरुद्ध सत्याग्रह झाला, तिच्यावर बंदी घालणाऱ्या संविधानाच्या कलम 17 मध्ये तर अपवादाला जागाच नाही.

सुटीची कसोटी सर्वांत स्वच्छ शब्दांत सापडते ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात: उद्दिष्ट न्याय्य हवे, आणि त्यासाठी योजलेला उपाय प्रमाणाबाहेर जाणारा नको. कारखान्यात क्रेन चालवणाऱ्याची नजर तपासणे या कसोटीला उतरेल. स्टोअरचा हिशेब लिहिणाऱ्या उमेदवाराला मात्र ‘कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तुम्हाला जिना चढता येत नाही’ असे सांगून परत पाठवता येणार नाही, कारण त्याचे टेबल खाली आणणे शक्य होते की नाही, हे आधी पाहावे लागेल, आणि ते शक्य नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी उमेदवारावर नसून त्याला नाकारणाऱ्यावर आहे.