आधी पिळा, मग वाळवा

(दृश्य : जुलै. नारायण पेठेतली गॅलरी, दोरीवर ओल्या चादरी.)

पुण्याचा पावसाळा. तीन दिवस झाले तरी चादर दमटच. न पिळता दोरीवर टाकली असती तर आठवडा गेला असता, आणि खालच्या मजल्यावरून बोलणी बसली असती ती वेगळीच.

(दृश्य : भैरोबा नाल्याजवळचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र.)

इथेही पंचाईत तीच, फक्त टनांनी मोजायची. आपल्या मोरीतून, संडासातून आलेलं पाणी शुद्ध होऊन नदीला जातं. मागे राहतो गाळ. म्हणायचं गाळ, पण शंभर किलोत अठ्ठ्याण्णव किलो पाणीच असू शकतं. तसाच ट्रकमध्ये भरला, तर डिझेल जाळून पाण्याची वरात काढल्यासारखं.

असा एक टन गाळ घ्या. त्यात घन ऐवज २० किलो. यंत्राने पिळून घन ऐवजाचं प्रमाण २० टक्क्यांवर आणलं की उरतो १०० किलोचा ‘केक’. ९०० लिटर पाणी गेलं! गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजला त्यासाठी साधारण एक-दोन युनिट वीज पुरते. स्क्रू प्रेसला त्याहून कमी : शेवेच्या सोऱ्यासारखा तो सावकाश दाबत जातो. आणि हेच ९०० लिटर वाफ करून उडवायचं म्हटलं, तर ५५० युनिटांहून जास्त ऊर्जा लागते.

(दृश्य : काचपात्रात गाळाचे गोळे धरताना.)

पिळण्याआधी मात्र गाळ फुटावा लागतो, दुधासारखा. त्याच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. धन भाराचं पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळीसारख्या रेणूंचं रसायन, त्यांना जवळ आणतं, पाणी सुटं होतं. ‘अजून थोडं घाल’ हा मोह इथे महागात पडतो : जास्त झालं की गाळ चिकट होतो, जाळ्या बुजतात.

निथळलेलं पाणी नदीत सोडत नाहीत. ते केंद्राच्या सुरुवातीला परत जातं.

(दृश्य : पारदर्शक छपराखाली पसरलेला केक.)

उरलेले ८० लिटर हट्टी. जिवाणूंच्या पेशींत आणि त्यांच्या बुळबुळीत आवरणात अडकलेले. दाबून फारसे निघत नाहीत. इथे खरी उष्णता लागते, आणि एप्रिल-मेमध्ये ती फुकट मिळते. पुण्याच्या गच्चीवर कुरडया वाळतात ना, तशीच. (जेवताना ऐकत असाल तर माफ करा.) पावसाळ्यासाठी वर छप्पर हवं, खाली गाळ उलटत राहायला हवा. आणि जागा हवी, भरपूर. पुण्यात गुंठ्याचा भाव विचारून बघा.