भाडेचिठ्ठीतली एक ओळ

दर्यापूरच्या दुकानदार भावांनो, आणि मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांनो, तुम्हीही पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

आज सॅम वॉल्टनबद्दल बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. वॉलमार्ट हा जगातला सगळ्यात मोठा किरकोळ विक्रीचा धंदा, आणि तो उभा करणारा हा माणूस मरेपर्यंत दर्यापूरपेक्षा लहान गावात राहिला. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातलं बेंटनव्हिल. १९५० साली तो तिथे आला तेव्हा गावची वस्ती होती तीनेक हजार. हौस म्हणून तो तिथे गेला नव्हता. त्याचं आधीचं दुकान हातातून गेलं होतं.

ते आधी सांगतो. १९४५ साली सैन्यातून सुटल्यावर सॅमने न्यूपोर्ट नावाच्या गावात एक दुकान घेतलं. वय सत्तावीस. किंमत पंचवीस हजार डॉलर, त्यातले पाच हजार स्वतःचे आणि वीस हजार सासऱ्याकडून उसने. दुकान चालत नव्हतं, म्हणूनच विकायला निघालं होतं. वर्षाची विक्री बहात्तर हजार डॉलर. पाच वर्षांत त्याने ती अडीच लाखांवर नेली. दारासमोर फुटपाथवर मक्याच्या लाह्यांचं मशीन लावलं, मग बँकेचं कर्ज काढून शेजारी आइस्क्रीमचं मशीन. आसपासच्या शेतकऱ्यांची पोरं बापाला ओढतच तिथे घेऊन यायची.

आणि पाच वर्षांनी घरमालक म्हणाला, दुकान खाली कर. भाडेचिठ्ठीत मुदत वाढवायची ओळच नव्हती. सही करताना सॅमचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मालकाला चालतं दुकान आपल्या मुलासाठी पाहिजे होतं. गावात दुसरी जागा नव्हती. सॅमने मालासकट दुकान विकलं आणि बायको, चार लेकरं घेऊन गाव सोडलं.

माझे वडील इथून जवळच्या एका खेड्यात किराणा चालवायचे. अकरा वर्षं एकाच गाळ्यात. मालकाचा मुलगा मोठा झाला आणि चैत्रात निरोप आला. आमची तर भाडेचिठ्ठीही नव्हती, सगळा तोंडी व्यवहार. साखरेची पोती बैलगाडीत भरताना वडील काहीच बोलले नाहीत, ते मला अजून दिसतं. म्हणून ही गोष्ट मी कुठेही सांगितली तरी इथूनच सुरू करतो. आज घरी गेल्यावर तुमचा करारनामा काढा, मुदतीची ओळ वाचा. सॅमने बेंटनव्हिलला शेजारची जागा घेतली ती नव्याण्णव वर्षांच्या कराराने.

आता खरेदी. न्यूपोर्टला तो ज्या कंपनीच्या नावाने दुकान चालवत होता, ती बायकांच्या निकरा अडीच डॉलर डझनाने द्यायची. डॉलरला तीन विकायच्या. सॅमला न्यूयॉर्कचा एक एजंट सापडला, तो तोच माल दोन डॉलर डझनाने देई. सॅमने डॉलरला चार लावल्या. हिशेब करून पाहा. आधी डझनामागे दीड डॉलर सुटायचा, आता एकच सुटू लागला. पण माल इतका उठला की एकूण नफा आधीपेक्षा कितीतरी जास्त झाला. स्वस्तात मिळालेला माल जुन्याच भावाने विकून वरचा फायदा खिशात घालणारे पुष्कळ असतात. सॅमने तो फायदा गिऱ्हाइकाला दिला. पुढचं सगळं वॉलमार्ट या एका हिशेबावर उभं राहिलं.

लहान गावांत मोठी, स्वस्त दुकानं काढू, असं तो कंपनीला सांगायला गेला. कंपनीने ऐकलं नाही. मग त्याने आणि बायको हेलनने घरदार गहाण टाकून २ जुलै १९६२ रोजी रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. केमार्ट आणि टार्गेट ही मोठी दुकानंही त्याच वर्षी निघाली, पण ती शहरांकडे वळली. पाच-सात हजार वस्तीच्या गावाला कोण विचारतं?

दुसरं वॉलमार्ट हॅरिसनला उघडलं तो दिवस ऐन उन्हाळ्याचा. बाहेर कलिंगडांचा ढीग आणि पोरांना बसायला गाढवं. उन्हाने कलिंगडं फुटली, रस वाहिला, त्यात गाढवांची लीद मिसळली आणि गिऱ्हाइकांच्या पायांनी सगळं दुकानात आलं. आपल्या मे महिन्याच्या बाजारात उभं राहिलेल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तरीही गर्दी हटली नाही, कारण भाव कमी होते.

अडचण होती ती माल पोचवायची. ठोकवाल्याची गाडी अकोल्यात रोज फिरते, आपल्या खेड्यात आठवड्यातून एकदा आली तर नशीब. तिकडेही तेच. म्हणून सॅमने बेंटनव्हिलला स्वतःचं गोदाम बांधलं, आणि गोदामापासून ट्रक दिवसभरात जाऊन पोचेल एवढ्याच टापूत दुकानं काढत गेला. जागा शोधायला स्वतः लहान विमान उडवायचा. १९७० ला कंपनीचे शेअर बाजारात आले. १९८५ ला फोर्ब्स मासिकाने त्याला अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटलं, तेव्हाही तो जुनी पिकअप चालवत होता, मागे शिकारी कुत्र्यांचे पिंजरे.

पण दुसरी बाजू लपवली तर मी तुमच्याशी खोटं बोललो असं होईल. सुरुवातीला त्याने नोकरांना फार कमी पगार दिला, ही चूक त्याने पुढे स्वतः कबूल केली. आणि जिथे वॉलमार्ट गेलं तिथल्या जुन्या बाजारपेठेतली अनेक दुकानं बसली. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या केनेथ स्टोन यांनी अशी गावं अभ्यासली. वॉलमार्टकडे आहे तोच माल विकणाऱ्यांची विक्री घटली. त्याच्याकडे नाही तो माल किंवा नाही ती सेवा देणाऱ्यांची काही ठिकाणी वाढलीसुद्धा, कारण गावात माणसं जास्त येऊ लागली. मला हा अभ्यास सॅमच्या सगळ्या श्रीमंतीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या बाजूने बघतो. मोटारपंप बसवून देणं, बियाण्याबद्दल खरं सांगणं, कापूस निघेपर्यंत उधारी थांबवणं, हे तुम्ही करता. साबणाच्या वडीच्या भावात मात्र त्याच्याशी झुंजू नका.

हे वारं आपल्याकडेही येऊन गेलं आहे. वॉलमार्टचं 'बेस्ट प्राइस' हे ठोक दुकान अमरावतीत उघडलं होतं. तुमच्यापैकी काहींनी तिथलं दुकानदाराचं कार्ड काढलं असेल. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे तुमच्या गल्लीत पोरगा मोटारसायकलवर जो खोका आणून देतो, त्याच्या मागेही तेच बेंटनव्हिल आहे.

५ एप्रिल १९९२ ला सॅम कॅन्सरने गेला. शेवटच्या दिवसांत, तो दवाखान्यात असताना, घरच्यांनी जवळच्या एका वॉलमार्टच्या मॅनेजरला बोलावून घेतलं. तो खाटेशेजारी बसला आणि त्या आठवड्यात आपल्या दुकानात किती विक्री झाली, ते आकडे सॅमला सांगत राहिला.