गाजर, रातांधळेपणा आणि चष्म्याचा नंबर

(कोल्हापुरात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

"डॉक्टर, वर्षभर रोज गाजर देतोय पोराला. तरी नंबर वाढलाच कसा?" कोल्हापुरात डोळ्यांचा दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. विचारणारी आई कधी शिवाजी पेठेतली असते, कधी राधानगरीहून एसटीनं आलेली. तिनं खरोखर गाजरं किसलेली असतात, रस गाळलेला असतो, नाक मुरडणाऱ्या पोराला तो गोडीगुलाबीनं पाजलेला असतो. एवढं करूनही पोराच्या नाकावर चष्मा येतो तेव्हा तिला वाटतं, आपलंच काहीतरी कमी पडलं. तिचं काहीही कमी पडलेलं नसतं. हे तिला नीट समजावून सांगायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ओपीडीत तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून आज इथं सांगतो.

गाजराची ही समजूत सगळी खोटी नाही. तिच्या अर्ध्या भागात इतकं तथ्य आहे की त्याच ज्ञानावर जगभर असंख्य मुलांचे डोळे वाचले. उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे, आणि त्याच्यामुळे आमच्याकडे मुलं उशिरा येतात.

आधी खरं काय ते पाहू. भर दुपारी महाद्वारातून अंबाबाईच्या देवळात शिरा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत काळ्या दगडाचा मंडप. पहिली काही पावलं खांब कुठं आणि माणूस कुठं हे कळत नाही. जरा थांबलात की आधी खांब दिसतात, मग त्यांच्यावरचं कोरीवकाम. तेवढ्या वेळात तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर एक रासायनिक काम चाललेलं असतं. या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी साधारण ६० लाख, आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी साधारण १२ कोटी. दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं. प्रखर उजेडात ते मोडतं, अंधारात पुन्हा जुळतं. पुरतं जुळायला अर्धा तास लागतो. आणि ते जुळण्यासाठी अ जीवनसत्त्वापासून तयार झालेला एक घटक लागतोच लागतो. पडद्यात अ जीवनसत्त्व असतं हे जॉर्ज वाल्ड या शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये दाखवलं आणि पुढच्या कामासह १९६७ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आता हे जीवनसत्त्व शरीरात कमी पडलं तर? दिवसभर अंगणात हुंदडणारं पोर दिवेलागणीला एका जागी बसून राहतं. उंबऱ्याला ठेचकाळतं. ताटात भाकरी कुठं आणि वाटी कुठं, हे हातानं चाचपतं. घरातल्यांना वाटतं, दमलं असेल, झोप आली असेल. हा रातांधळेपणा. दुर्लक्ष झालं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला, साबणाच्या फेसासारखा पांढुरका ठिपका दिसू लागतो. त्याला बिटॉचा ठिपका म्हणतात. त्यापुढची पायरी भयंकर आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, मऊ होतो आणि बघता बघता, काही दिवसांत, विरघळून जातो. तो डोळा परत येत नाही. गोवर झालेल्या, जुलाबानं खंगलेल्या कुपोषित मुलात हे फार झपाट्यानं घडतं.

अशा वेळी अ जीवनसत्त्व दिलं की रातांधळेपणा दोन-चार दिवसांत ओसरू लागतो. औषधाचा इतका झटपट गुण वैद्यकात फार कमी ठिकाणी दिसतो. याच कामात इंडोनेशियात नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडली. सुमात्रा बेटावरच्या आचे भागातल्या त्यांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. अ जीवनसत्त्वाचे डोस दिलेल्या गावांतल्या मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. म्हणजे प्रश्न फक्त डोळ्यांचा नव्हता, जिवाचा होता. आपल्या देशात हा कार्यक्रम १९७० पासूनच चालू आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, पाच वर्षांचं होईपर्यंत एकूण नऊ डोस. आशाताई किंवा नर्सबाई चमच्यानं पाजतात ते पिवळं, तेलकट औषध हेच. पहिला डोस लशीबरोबर बहुतेकांचा होतो. नंतरचे राहून जातात, कारण तोवर लशीसाठीच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात. घरी जाऊन लसीकरणाचं कार्ड काढून बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग गाजराचं काय? गाजरात अ जीवनसत्त्व आयतं नसतं. त्यात बीटा कॅरोटीन असतं आणि त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. साधारण १२ भाग कॅरोटीन खाल्लं तर एक भाग जीवनसत्त्व हाती लागतं. तेही बरोबर थोडं तेल-तूप असेल तर, कारण कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. नुसतं कच्चं गाजर कराकरा खाण्यापेक्षा शिजवलेलं, फोडणी दिलेलं गाजर जास्त कामाचं. कोशिंबीर करायची असेल तर वरून तेलाची फोडणी द्याच.

पण गाजराला एवढा एकट्याला मान का? कपिलतीर्थ मार्केटमध्ये सकाळी जा. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा, अळू, कोथिंबीर यांच्या जुड्या गाजरापेक्षा स्वस्त मिळतात. या सगळ्या पानांत कॅरोटीन असतं, हिरव्या रंगाखाली त्याचा नारिंगी रंग झाकला जातो एवढंच. शेवग्याचा पाला तर कित्येकांच्या परसात फुकट वाया जातो. उलट बीट. "लाल आहे म्हणजे डोळ्यांना चांगलं" म्हणून बीट खाऊ घालणारी घरं मी बघतो. बिटाचा लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा आहे, त्यातून अ जीवनसत्त्व मिळत नाही म्हटलं तरी चालेल. बीट खा, त्याचे गुण वेगळे, पण डोळ्यांसाठी म्हणून नको.

आणि दूध! गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं हे गाव. (लहान मुलांना मात्र उकळूनच द्या.) गाईचं दूध पिवळसर आणि म्हशीचं पांढरंशुभ्र का, हा प्रश्न कधी पडलाय? गाईच्या दुधात कॅरोटीनचा काही अंश तसाच उतरतो. म्हैस जवळपास सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करूनच दुधात सोडते. आपण करायचं काम तिनं आधीच केलेलं असतं. अंड्यातही ते तयार मिळतं. मटणाच्या दुकानातल्या काळजात तर भरपूर, इतकं की गरोदर बाईनं काळीज मनसोक्त खाऊ नये, कारण तयार अ जीवनसत्त्वाचा अतिरेक पोटातल्या बाळाला बाधतो. रातांधळ्याला यकृत खाऊ घालण्याचा उपाय प्राचीन इजिप्तमध्येही होता आणि आपल्या सुश्रुतसंहितेतही आहे. जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हा लोकांनी निरीक्षणातून हे शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता चुकीचा अर्धा भाग. आपलं यकृत अ जीवनसत्त्व कणगीसारखं साठवून ठेवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्डला काही स्वयंसेवकांना अ जीवनसत्त्वाशिवायच्या आहारावर ठेवलं होतं. लढाईवर जायला तत्त्व म्हणून नकार दिलेली ही माणसं. बहुतेकांचा साठा वर्ष उलटलं तरी पुरला. कणगी भरलेली असताना गाजरं खात राहिलात तर शरीर कॅरोटीनचं रूपांतर कमी करतं आणि उरलेलं कातडीखाली साठतं. तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा पिवळा पडतो. "कावीळ झाली" म्हणून घाबरून आणलेलं बाळ मी तपासतो. तळहात हळदीचे, पण डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ पांढरा. काविळीत तोच आधी पिवळा होतो. मग विचारायचं, रोज किती गाजर भरवता? गाजर कमी केलं की काही आठवड्यांत रंग उतरतो. अपाय काही नाही. पण नजरेत तसूभरही वाढ झालेली नसते.

गाजरानं नजर तेज होते ही कल्पना इतकी पसरली कशी, त्याची हकीकतही सांगतो. १९४० मध्ये जर्मन विमानं रात्री लंडनवर बॉम्ब टाकत होती. ब्रिटिशांनी आपल्या रात्रीच्या लढाऊ विमानांत एक नवं गुप्त यंत्र बसवलं. रडार. नोव्हेंबरमध्ये जॉन कनिंगहॅम या वैमानिकानं त्याच्या आधारे अंधारात आपलं पहिलं शत्रूचं विमान पाडलं. त्याचं टोपणनावच 'मांजरडोळ्या' पडलं. यंत्राचा सुगावा लागू नये म्हणून वर्तमानपत्रांतून सांगितलं गेलं की आमचे वैमानिक गाजरं खातात, म्हणून त्यांना रात्री दिसतं. त्या वेळी तिथं साखरेचं रेशनिंग होतं आणि गाजर मुबलक होतं. अन्नखात्यानं हाच धागा उचलला. 'डॉक्टर गाजर' नावाचं चित्र काढून सरकारनं लोकांना सांगितलं, दिवाबंदीत नीट दिसायला हवं असेल तर गाजर खा. जर्मन लोक फसले याचा पुरावा नाही, त्यांच्याकडं त्यांचं रडार होतंच. पण साधी माणसं मात्र जगभर ते धरून बसली. मूळ शास्त्र खरं होतं म्हणूनच ही गोष्ट पटली, हे लक्षात घ्या.

तर त्या आईच्या पोराचा नंबर का वाढला? मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटर जास्त लांबला की अडीच ते तीनचा मायनस नंबर येतो, कारण प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. लांबलेला डोळा आखूड करणारी भाजी जगात नाही. चाळिशीत भिंग ताठर होतं, म्हातारपणी तेच गढूळ होऊन मोतीबिंदू होतो, तिथंही गाजराचा उपयोग नाही. मुलांचा नंबर लागणं लांबवायचं असेल तर त्यांना उन्हाउजेडात खेळू द्या. चीनमधल्या ग्वांगझो शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तर तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना नंबर लागला; तसं न केलेल्या शाळांत हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या वर होतं. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालंय. आपल्याकडं मैदानं आहेत, तालमी आहेत. क्लासच्या वेळा तेवढ्या आवरा.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते भरतीच्या पोरांचं. आपल्या जिल्ह्यात गडहिंग्लज, कागल, चंदगडकडची कितीतरी पोरं पहाटे उठून पळतात, वर्षानुवर्षं तयारी करतात. मैदानी निघते, लेखी निघते आणि मेडिकलला कळतं की एका डोळ्याला अर्धंच दिसतंय. आमच्याकडं येतात तेव्हा विचारतात, "ऑपरेशन करा, लेसर करा, काय पण करा." त्या डोळ्याला लहानपणापासून मोठा नंबर असतो. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे पोराचं अडत नाही, घरात कुणाला कळत नाही. मेंदू अंधुक डोळ्याकडून येणारं चित्र घ्यायचंच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून तो कामाला लावता येतो. विसाव्या वर्षी आमच्या हातात फारसं काही उरत नाही. अशा पोराचे वडील सांगतात, "गाजर-बिजर लई खाल्लंय हो यानं." शाळेत तपासणी झाली होती, चिठ्ठीही मिळाली होती, पण "बघू, आधी खाण्यापिण्यानं काय होतंय का" म्हणून ती राहून गेली. मुलींच्या बाबतीत तर चिठ्ठी मुद्दाम दडवतात, चष्मेवाली पोरगी नको म्हणून. ज्या पोरीला फळ्यावरचं दिसत नाही तिचं शिक्षण आपण अशानं अडवतो, याचा राग यायला हवा.

गोळ्यांबद्दल एकच. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या मनानं घेऊ नका, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं तर मुळीच नको. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. १९९४ च्या त्याच्या निष्कर्षांत गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. भाजीतल्या कॅरोटीननं असं होत नाही.

पोर तीन-चार वर्षांचं असेल तर आज घरी गेल्यावर एवढं करा. ते चित्रं बघत असताना त्याचा एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. एक डोळा झाकला तर गप्प बसतं आणि दुसरा झाकला की हात ढकलतं, रडतं, मान वळवतं असं दिसलं, तर ज्या डोळ्यानं बघायला ते तयार नाही त्यात काहीतरी आहे. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल किंवा डोळा तिरळा वाटत असेल तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरोग्य पथक येतं, त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे. येताना पोराचा जुना चष्मा असेल तर तो आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर आणा.