लाइन : जवसाचा एक धागा

मंडळी, विषय इंग्रजी शब्दाचा असला तरी सुरुवात जवसाच्या चटणीपासून करतो. विदर्भात ती कुणाला सांगायला नको. या जवसाला लॅटिनमध्ये म्हणतात लिनम. त्याच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचं कापड ते लिनन, त्याचं बी ते लिन्सीड, आणि त्याचा धागा ती लिनिया. आपण दिवसातून पन्नासदा उच्चारतो ती 'लाइन' याच घरातली. कोटाला आतून लिननचं अस्तर लावायचे, म्हणून अस्तराला लायनिंग.

मला हे कोशात सापडण्याआधी एका गवंड्यानं दाखवलं होतं. त्यानं भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकले, दोरी ताणली आणि बोटानं टिचकी मारली. दोरी थरथरली, थांबली. म्हणाला, "ही लाइन. पण विटेनं हिला शिवायचं नाही बरं का, केसभर अलीकडंच राहायचं. एक वीट टेकली की दोरी ढकलली जाते, मग पुढची सगळी भिंत वाकडी." शब्दाचा मूळ अर्थ यापेक्षा नेमका कुठल्या कोशात असेल, मला शंका आहे.

धाग्याची रेघ झाली, रेघेची रांग. छावणीत बराकी रांगेनं असत, त्यांना लाइन्स म्हणत. नागपूरची सिव्हिल लाइन्स, गावोगावची पोलीस लाइन हे त्याच वळणाचं. मुंबईच्या मरीन लाइन्सचा समुद्राशी संबंध आहे खरा, पण नाव आलं ते तिथल्या मरीन बटालियनच्या बराकींवरून. गंमत म्हणजे इंग्रज माणूस क्यूमध्ये उभा राहतो, लाइनमध्ये राहतो अमेरिकन. आपण शिकलो इंग्रजांकडून आणि रेशनच्या दुकानात लावतो मात्र लाइन!

बाकी 'आमची लाइन वेगळी' म्हणजे धंदा, 'लाइन गेली' म्हणजे वीज. 'लाइन मारणे' तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. (हशा) हसू नका, मराठीत प्रेमाचं काय जुळतं? सूतच ना?

डेडलाइनचा जन्म मात्र रक्ताचा आहे. 1864 साल, अमेरिकेतलं यादवी युद्ध, जॉर्जियातला अँडरसनव्हिल इथला युद्धकैद्यांचा तळ. मोठ्या तटाच्या आत काही फुटांवर एक बुटकं लाकडी कुंपण होतं. ते ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. त्या रेषेला कैदी डेडलाइन म्हणत. पुढे हा शब्द अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला, आणि आता संयोजकांनी माझ्यासमोर सरकवलेल्या या चिठ्ठीत आहे. "दोन मिनिटं" असं लिहिलंय. केसभर अलीकडंच थांबतो.